अंथरुणाखालच्या झाडूवाल्या

आमच्या संस्थेत झाडलोट करणाऱ्या, चहा देणाऱ्या, बाटल्या धुणाऱ्या सगळ्या बायकांना सरसकट मावशी म्हणायची पद्धत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या एका परिचर बाईंना मात्र कुणी मावशी म्हटलं, तर त्या हातातलं काम न थांबवता म्हणायच्या, "मी तुमच्या आईची बहीण नाही. बाई म्हणा." नवीन आलेले संशोधक दोनदा चुकायचे. तिसऱ्यांदा कुणी चुकलेलं मी पाहिलं नाही.

मी तळमजल्यावर आस्थापना विभागात कारकून होतो. कुणाची रजा, कुणाची बदली, कुणाला मेमो, कुणाची चौकशी, सगळे कागद माझ्या टेबलावरून जायचे. म्हणून बाईंचं प्रकरण पहिल्या कागदापासून शेवटच्या कागदापर्यंत मला माहीत आहे. त्यांच्या कामातलं शास्त्र मात्र मला त्यांनीच समजावलं. मी वाणिज्य शाखेचा, त्यामुळे त्यांनी ते अगदी मुळापासून समजावलं.

बाई दहावी पास. नवरा पाणीपुरवठा खात्यात फिटर, घरी सासूबाई आणि एक मुलगी. बाई संस्थेत लागल्या त्या प्राणिघरात, पांढऱ्या उंदरांचे पिंजरे साफ करायला. सासूबाईंना ते काम मुळीच पसंत नव्हतं. घरी आल्यावर सून आधी न्हाणीत गेल्याशिवाय त्या तिच्या हातचं पाणी घेत नसत. शेजारणींना सांगायच्या, "आमची सून सरकारी उंदीर सांभाळते." बाई ऐकून घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर हजर असायच्या.

तेव्हा तिसऱ्या मजल्यावर जुन्या मॅडम होत्या. मेंदूतल्या पेशी बाहेर काढून बाटलीत वाढवायच्या, हे त्यांचं काम. एकदा त्या प्राणिघरात आल्या असताना बाई एका उंदरिणीच्या अंगाखाली चेपलेलं पिल्लू सोडवत होत्या. एका दिवसाचं पिल्लू, बोटाच्या पेराएवढं. बाईंनी ते असं उचललं की आई जागची हलली नाही आणि पिल्लूही चुळबुळलं नाही. मॅडम बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना वर बोलावून सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं आणि हातात दोन बारीक चिमटे दिले.

पिल्लाच्या मेंदूवर एक पातळ पडदा असतो. ओल्या कागदासारखा, लाल शिरांनी भरलेला. तो सगळा निघाला नाही तर त्यातल्या भलत्याच पेशी बाटलीत माजतात आणि हव्या त्या पेशींना जागा उरत नाही. तो पडदा सोलायला बाईंना तीन महिने लागले. पहिले दोन महिने त्यांनी मेंदूचा नुसता लगदा केला. मॅडम ओरडल्या नाहीत. शेजारी बसून म्हणायच्या, "फाडू नका, सोला." संस्थेतल्या कुणीतरी तक्रार केली की परिचराला असल्या कामाला लावता येत नाही. मॅडमनी त्या तक्रारीवर लाल शाईने लिहिलं, "मला येतं, बाईंना येतं. तिसऱ्या कुणाला येत असेल तर पाठवा." कोणी आलं नाही. तो कागद अजून फाइलमध्ये आहे.

पुढचं काम बाईंनी मला एकदा जेवणाच्या सुट्टीत सांगितलं होतं. पडदा काढला की मेंदूची साल वेगळी करायची, बारीक चिरायची. तिच्यावर एक पाचक रस घालून गरम पाण्याच्या भांड्यात ठेवायची, म्हणजे पेशींना धरून ठेवणारी चिकटण सुटते. मग काचेच्या नळीतून वर ओढायची, खाली सोडायची, वर, खाली, फेस न आणता. शेवटी नायलॉनच्या चाळणीतून गाळून चपट्या बाटल्यांत भरायची. या चाळणीवरूनच त्यांना पाठीमागे चाळणीवाल्या बाई म्हणत.

"सहा-सात दिवस गेले की बाटलीत तीन तऱ्हा दिसायला लागतात, भाऊसाहेब," त्या म्हणाल्या. "सगळ्यात खाली चपट्या, पसरट पेशी. एकीला लागून एक, अंथरूण घातल्यासारख्या. त्यांना शास्त्रात ॲस्ट्रोसाइट म्हणतात. मी अंथरूणच म्हणते. त्यांच्यावर बारीक फांद्या फुटलेल्या पेशी असतात, त्या पुढे मेंदूतल्या तारांवर वेष्टण चढवतात. त्या माझ्या वायरमन. आणि इकडेतिकडे गोल, चमकणाऱ्या, एका जागी न बसणाऱ्या असतात, त्या मायक्रोग्लिया. मेंदूत घाण झाली, जंतू शिरले, काही मेलं, की त्या धावत जातात आणि गिळून टाकतात. त्या झाडूवाल्या."

"आणि वेगळ्या कशा करायच्या?"

"हलवून. बाटल्या हलत्या यंत्रावर बांधायच्या. तासभर बेताने हलवलं की झाडूवाल्या सुटतात, त्यांचा पाय हलका असतो. त्या ओतून घ्यायच्या. नवीन खाद्य घालून मग रात्रभर जोरात हलवायचं. सकाळपर्यंत वायरमन सुटतात. अंथरूण काही केल्या सुटत नाही, ते राहतं. ऐकायला सोपं आहे ना? पण काही झाडूवाल्या अंथरुणाखाली शिरून बसतात. त्या वरून दिसत नाहीत आणि हलवून निघत नाहीत. त्यांच्यासाठी पुन्हा उचलायचं, पुन्हा पेरायचं, पुन्हा हलवायचं. सगळे मिळून चौदा-पंधरा दिवस जातात. घाई केली की त्या आत राहतात."

प्रत्येक खेपेला बाई थोड्या पेशींना चमकणारे रंग लावून मोजायच्या. शंभरात अंथरुणाच्या किती, झाडूवाल्या किती. आकडा वहीत लिहायचा, पुढे तारीख, किती पिल्लं लागली ते, आणि सही. पिल्लांचा आकडा लिहायची पद्धत त्यांचीच. मॅडमनी एकदा विचारलं होतं कशाला, तर म्हणाल्या, "त्यांचा जीव जातो. निदान कुठेतरी लिहिलेलं असावं."

मॅडम निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी सर आले.

सर हुशार होते. हे मी आधीच सांगतो, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटेल की तो माणूस पोकळ होता. परदेशात बारा वर्षं काढून आलेले, बोलायला लागले की संचालकही खुर्ची पुढे ओढून ऐकायचे. त्यांना घाई होती, एवढंच. त्यांचं म्हणणं असं की मेंदूला सूज येते तेव्हा ती आग भडकवणारा पदार्थ अंथरुणाच्या पेशीच सोडतात. जंतूंच्या सालीतून काढलेलं विष त्या पेशींवर घालायचं आणि पदार्थ निघतो का बघायचं. निघत होता, आणि भरपूर निघत होता. लेख लिहून झाला, मोठ्या मासिकाने घ्यायचं कबूल केलं, फक्त पेशी किती शुद्ध होत्या त्याचा तक्ता मागितला.

बाईंच्या वहीत बारा खेपांचे आकडे होते. पाच खेपांत अठ्ठ्याण्णवच्या वर. उरलेल्या सात खेपांत नव्वद, एक्क्याण्णव, ब्याण्णव असे. त्या सात खेपा सरांनी प्रत्येकी आठ दिवसांत उरकायला लावल्या होत्या. पदार्थ जास्त निघाला तोही नेमका त्याच सात खेपांत.

सर वही घेऊन आले. त्यांच्याबरोबर त्यांचा संशोधक होता, तेहतीस वर्षांचा, सगळे त्याला दाढीवाला म्हणायचे. त्याचा प्रबंध याच लेखावर उभा होता. हे सगळं त्यानेच मला नंतर सांगितलं.

"बाई, ही वही फार खराब झालीय," सर म्हणाले. "डाग पडलेत. नवीन वहीत उतरवून काढा. आणि या सात खेपांची मोजणी तुम्ही घाईत केलेली दिसते. अठ्ठ्याण्णवच असणार."

"मोजणी घाईत नाही झाली सर. पेशी घाईत झाल्या."

"दोन-चार टक्क्यांनी काय फरक पडतो?"

"आठ टक्के आहेत. आणि फरक पडत नसेल तर जे आहे तेच छापा."

सरांनी आवाज खाली आणला. ते चिडले की आवाज खाली आणायचे. "तुम्हाला या कामाचा अर्थ कळतो का? जगभरात लोक वाट बघतायत."

"अर्थ तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतो," बाई म्हणाल्या. "मला एवढंच कळतं की त्या सात खेपांना दोनशे चौदा पिल्लं लागली. तेवढे जीव घेऊन मी खोटं लिहिणार नाही. नवीन वही द्या, आजपासूनचं तिच्यात लिहिते. झालं ते जुन्या वहीतच राहील."

आणि त्यांनी सरांच्या हातातून वही घेतली. हिसकावली नाही, दाढीवाला म्हणतो. मुलाच्या हातातून चाकू काढून घ्यावा तशी काढून घेतली. तिथून त्या थेट जिना उतरून माझ्या टेबलापाशी आल्या.

"भाऊसाहेब, ही वही आस्थापनेत जमा करून घ्या. पोच द्या."

"वही जमा करायची कुठली पद्धत बाई?"

"दस्तऐवज जमा करायची आहे ना? हा दस्तऐवज आहे."

मी आवक रजिस्टरला नोंद केली, शिक्का मारला आणि वही कपाटात ठेवून कुलूप लावलं. त्या वेळी मला वाटलं मी नेहमीचंच काम करतोय.

दुसऱ्या दिवशी मेमो आला, मलाच टाइप करावा लागला. वरिष्ठांचा आदेश न पाळणे, उद्धट वर्तन, आणि शेवटी असं वाक्य, की शास्त्रीय बाबींवर मत देणे परिचराच्या कर्तव्यात बसत नाही. अठ्ठेचाळीस तासांत खुलासा करावा. खुलासाही बाईंनी मलाच सांगितला, कारण टाइप करणारा दुसरा कुणी नव्हता. अशी गंमत माझ्या नोकरीत एकदाच झाली, की आरोपही माझ्याच यंत्रावर आणि उत्तरही.

मी म्हटलं, "बाई, खुलासा जरा सविस्तर द्यावा. आधी दिलगिरी, मग परिस्थिती..."

"लिहा," त्या म्हणाल्या. "मी मत दिलेलं नाही. मी मोजलेलं आहे. खाली सही."

"एवढंच?"

"मोठं लिहिलं की त्यातलं एखादं वाक्य ते धरून ठेवतात. दोन वाक्यांत काय धरणार?"

आठवडाभरात त्यांची बदली झाली, तिसऱ्या मजल्यावरून तळघरातल्या बाटल्या धुण्याच्या खोलीत. खिडकी नाही, एक दिवा सतत फडफडणारा, आणि वाफेने भिंतींचे पोपडे सुटलेले. सव्वीस वर्षं ज्यांनी मेंदू सोलला त्यांच्या हातात ब्रश आला. संस्थेतल्या बऱ्याच जणांना वाटलं आता बाई नमतील. काही जण मुद्दाम तळघरात चक्कर मारून बघून येत. बाई त्यांच्याकडे मान वर करून बघायच्या आणि म्हणायच्या, "काही हवंय का? नाही? मग दार लावून घ्या, वाफ बाहेर जाते."

घरी मात्र त्यांनी तीन दिवस काही सांगितलं नाही. चौथ्या दिवशी हातांना सोड्याने चिरा पडलेल्या सासूबाईंना दिसल्या. तेव्हा सगळं बाहेर आलं. नवरा स्वभावाने भिडस्त. तो म्हणाला, "अगं, सहाच वर्षं राहिली तुझ्या नोकरीची. साहेब लोकांशी कशाला वाकडं घ्यायचं? एक आकडा तर बदलायचा होता."

बाई काही बोलायच्या आधीच सासूबाई कडाडल्या. "गप रे. तू नळाचा गळका वायसर न बदलता बदलला म्हणून लिहितोस का?"

"नाही लिहीत."

"मग तिला काय सांगतोस? उंदीर तर उंदीर, काम तिचं आहे." आणि सुनेचा हात ओढून त्या स्वतः त्याला तेल लावायला बसल्या. बाई म्हणतात, लग्नानंतर सासूबाईंनी त्यांचा हात हातात घेतला तो तेव्हाच. त्या वेळीही त्यांनी टोमणा सोडला नाहीच: "बोटं सांभाळ. बाटल्या कोण पण धुईल."

तिसऱ्या मजल्यावर मग काय झालं ते सगळ्यांना दिसत होतं. नवीन माणसाला पडदा सोलता येईना. कधी बाटलीत बुरशी, कधी अंथरूणच धरेना. महिन्यात तीन खेपा वाया गेल्या. पण दाढीवाला तळघरात आला तो त्यासाठी नाही. त्याला झोप लागत नव्हती. दुपारी अडीचला तो दारात येऊन उभा राहिला. मी तिथे कसल्यातरी यादीवर बाईंची सही घ्यायला गेलो होतो, म्हणून माझ्या कानांनी ऐकलं.

"बाई, समजा तुमचं बरोबर असेल. समजा तो पदार्थ अंथरुणातून येतच नसेल, खाली लपलेल्या झाडूवाल्यांतून येत असेल. तर कळणार कसं? त्या तर शंभर टक्के निघतच नाहीत."

"हलवून निघत नाहीत. मारून निघतात."

"म्हणजे?"

बाईंनी ब्रश खाली ठेवला. "जुन्या मॅडम एक औषध वापरायच्या. शीतकपाटात खालच्या कप्प्यात असेल, माझ्या अक्षरात चिठ्ठी आहे. झाडूवाल्यांना दिसेल ते गिळायची सवय. ते औषध त्या गिळतात आणि आतून फुटतात. अंथरूण ते फारसं घेत नाही, त्याला काही होत नाही. सहा बाटल्या घे. तीन सरांच्या पद्धतीने, आठ दिवसांच्या. तीन औषध घातलेल्या. मग सहाही बाटल्यांत जंतूंचं विष घाल. औषधाच्या बाटल्यांतही पदार्थ तेवढाच निघाला, तर सर खरे. मी त्यांच्या खोलीत जाऊन लेखी माफी मागेन."

दाढीवाला म्हणाला, "आणि नाही निघाला तर माझी पाच वर्षं गेली."

"ती गेलेलीच आहेत. तुला कळायचं बाकी आहे." मग जरा मवाळ होऊन म्हणाल्या, "बघ, तू हे केलं नाहीस तरी आज ना उद्या कुणीतरी दुसऱ्या देशात करेल. तुझ्या नावावरची चूक दुसऱ्याने शोधलेली बरी की तू शोधलेली?"

"माझ्याने पडदा सोलवत नाही, बाई. तुम्ही आलात तरच होईल."

त्या दिवशी बाईंनी मला आणखी एक अर्ज सांगितला. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी संस्थेत येऊन संशोधकाला मदत करण्याची परवानगी मिळावी. मी म्हटलं सर कधीच देणार नाहीत. त्या म्हणाल्या, "सरांकडे कशाला? मी आता तळघरात आहे. माझे वरिष्ठ भांडारपाल." आणि ते खरंच होतं, बदलीच्या आदेशात मीच तसं टाइप केलं होतं. भांडारपालांनी अर्जावर न वाचताच सही केली. सुट्टीच्या दिवशी कुणी फुकट काम करायला मागतंय, याला कोण नाही म्हणणार?

तीन रविवार बाई सकाळी सातला येत होत्या. मधले दिवस दाढीवाला एकटाच त्या बाटल्यांचं खाद्य बदलायचा आणि कुणी विचारलं तर जुन्या बाटल्या आहेत म्हणायचा. चौथ्या आठवड्यात तो माझ्या खोलीत आला, खुर्चीवर बसला आणि पाणी मागितलं. औषध न घातलेल्या तीन बाटल्यांत पदार्थ भरपूर होता. औषध घातलेल्या तीनमध्ये जवळजवळ काहीच नव्हतं. यंत्र बिघडलं असेल म्हणून त्याने पुन्हा बघितलं होतं. मग नुसत्या झाडूवाल्या वेगळ्या बाटलीत घेऊन त्यांच्यावर विष घातलं होतं, तर आकडा पट्टीच्या बाहेर गेला.

"आता काय करणार?" मी विचारलं.

"माहीत नाही," तो म्हणाला. खरंच त्याला माहीत नव्हतं. बायकोचं बाळंतपण जवळ आलेलं, शिष्यवृत्ती संपत आलेली, आणि शिफारसपत्र सरांच्या हातात.

चौकशी पुढच्या मंगळवारी होती. मेमोवर बाईंचा खुलासा असमाधानकारक ठरला होता. तीन जणांची समिती: संचालक, कायदा विभागाचे एक अधिकारी, आणि बाहेरून बोलावलेल्या एक निवृत्त डॉक्टरीणबाई, ज्यांना कमी ऐकू यायचं आणि त्यामुळे सगळ्यांना दोनदा बोलावं लागायचं. टिपणं घ्यायला मी. आदल्या दिवशी सर स्वतः माझ्याकडे वही मागायला आले होते. मी म्हटलं, "द्यायला हरकत नाही सर, फक्त लेखी मागणी लागेल आणि पोच." त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. पण लेखी त्यांनी दिलं नाही. वही समितीच्या टेबलावर मीच ठेवली.

सरांनी पंधरा मिनिटं मांडणी केली, अगदी नीटस. परिचराला प्रशिक्षण नाही, मोजणीत मानवी चूक होते, संशोधनाला खीळ बसते. साक्षीला त्यांनी दाढीवाल्याला बोलावलं होतं. त्याने एवढंच सांगायचं होतं की बाईंनी वही हातातून घेतली. ते त्याने सांगितलं.

संचालक म्हणाले, "बाई, साक्षीदाराला काही विचारायचंय?"

"एकच," बाई म्हणाल्या. त्या उभ्याच होत्या. खुर्ची दिली होती, पण त्या बसल्या नाहीत. "गेल्या महिन्यात तू सहा बाटल्या लावल्यास. त्यांत काय निघालं?"

सरांनी मान वळवून दाढीवाल्याकडे बघितलं. कुठल्या सहा बाटल्या, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. दाढीवाला खाली बघत होता. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय म्हणाल्या त्या?" बाईंनी प्रश्न जसाच्या तसा, आवाज चढवून, पुन्हा विचारला. मला वाटतं त्या दुसऱ्या वेळीच तो मोडला. किंवा सावरला, काय म्हणायचं ते म्हणा. तो म्हणाला, "झाडूवाल्या... म्हणजे मायक्रोग्लिया काढून टाकल्या तर काहीच निघत नाही. आमचा निष्कर्ष चुकीचा आहे. बाईंची मोजणी बरोबर होती." आणि खिशातून घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. तो तयारीनेच आला होता. फक्त काढायचा की नाही हे ठरलेलं नव्हतं.

सर म्हणाले, "परवानगीशिवाय केलेल्या प्रयोगाला काही अर्थ नाही."

बाईंनी भांडारपालांच्या सहीचा अर्ज पुढे केला. कायदा अधिकाऱ्यांनी तो वाचला, उलटून बघितला आणि खोकले.

डॉक्टरीणबाईंनी तोपर्यंत वही उघडली होती. एक-एक पान बघत होत्या. "हा दुसरा आकडा कसला?"

"पिल्लांचा."

त्यांनी त्या आकड्यांवरून खालपर्यंत बोट फिरवत नेलं. मग विचारलं, "बाई, तुम्हाला हवंय काय?"

"माझी जागा. आणि वहीत माझी सही राहील."

"आणि सरांबद्दल तुमची काही तक्रार?"

"तक्रार नाही. त्यांनी चौदा दिवस थांबायला शिकावं."

कायदा अधिकारी हसले, संचालकांनी डोळे वटारले म्हणून लगेच थांबले.

निकाल आला तो संस्थेच्या रिवाजाप्रमाणे, कुणालाच पुरता न्याय न देणारा. बाईंना तिसऱ्या मजल्यावर परत पाठवलं. लेख "आणखी प्रयोगांसाठी" मागे घेतला गेला. सरांना कुणी काही विचारलं नाही. वर्षभराने ते मोठ्या संस्थेत गेले, निरोपसमारंभात बाईंशी दोन शब्द बोललेही. आणि बाईंना भाषेबद्दल ताकीद मिळाली, सेवापुस्तकात नोंद करून. ती ताकीद त्यांना द्यायला मीच गेलो. त्या चाळणी धूत होत्या. हात पुसले, कागद वाचला, सही केली आणि सहीच्या वर मोठ्या अक्षरात लिहिलं: अमान्य.

"बाई, पोच म्हणून सही करायची असते. त्यावर असं काही लिहीत नाहीत."

"पोचलं म्हणून सही केली. पटलं नाही म्हणून लिहिलं. दोन्ही खरं आहे."

दाढीवाल्याला सगळं पहिल्यापासून करावं लागलं. आणखी दोन वर्षं गेली. मध्ये मुलगी झाली, घरखर्चासाठी बायकोने शिकवण्या घेतल्या. नवा प्रबंध झाडूवाल्यांवरच होता, आणि पहिल्यापेक्षा साधा असला तरी तो अजून टिकून आहे. छापण्याआधी तो प्रत घेऊन बाईंकडे आला. आभाराच्या पानावर त्याने बाईंबद्दल भलं मोठं लिहिलं होतं, त्यांच्या मायेच्या छायेखाली वगैरे. बाईंनी पेन घेऊन ते सगळं खोडलं.

"अहो बाई, मनापासून लिहिलंय."

"माहीत आहे. पण आभार कशाला? मी काही वाट दाखवायला उभी नव्हते, काम केलंय. पेशी कशा वेगळ्या केल्या ते पान आहे ना? तिथे लिही कुणी केल्या ते."

तसं लिहायची पद्धत नव्हती. विद्यापीठाने दोनदा प्रत परत पाठवली. तिसऱ्यांदा तशीच स्वीकारली.

अलीकडेच मला एक नियम सापडला, तोही दुसऱ्याच कुणाची फाइल चाळताना. पदवी नसलेल्या पण पंधरा वर्षं तेच काम केलेल्या परिचराला प्रात्यक्षिक परीक्षा देऊन तंत्रज्ञ होता येतं. बाईंना सांगितलं तर त्या माझ्यावरच उखडल्या. "इतकी वर्षं तुमच्या कपाटात होता हा नियम?" खरंच होता.

त्यांनी अर्ज केला, मंजूर झाला, तारीख लागली. परीक्षक कोण तर दाढीवाला, जो आता शेजारच्या शहरात प्राध्यापक झालाय. मी खुशीत जिना चढून वर गेलो ती बातमी द्यायला. बाईंनी तोंडावरची पट्टी खाली केली.

"तो नको."

"अहो, तुमचा माणूस आहे."

"म्हणूनच. माझा हात चुकला तरी तो पास करेल. मग सगळे म्हणतील चाळणीवाल्या बाईंना ओळखीवर बढती मिळाली. मला न ओळखणारा माणूस बोलवा, जरा खडूस असेल तर आणखी बरं."

तसं पत्र मी पाठवलंय. उत्तर अजून आलेलं नाही. बाई रोज दुपारी जेवण झाल्यावर तीन वेळा सराव करतात, कारण चष्म्याचा नंबर आता वाढलाय आणि डाव्या हाताचा अंगठा थंडीत दुखतो. काल गेलो तर सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या होत्या. मला म्हणाल्या, "थांबा दोन मिनिटं," आणि मी थांबलो.